फ्रेम शाबूत आहे तोवर

रोज कामावर नेणारी सायकल सात-आठ पावसाळे काढून झाल्यावर एके दिवशी दुकानाच्या दारात उलटी उभी राहते, कारागीर चाके फिरवून, पायडल हलवून दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज सांगतो, आणि तो ऐकताच मालकाच्या मनात बहुधा पहिला विचार येतो तो असा की, एवढ्या पैशाला ही सायकल विकत तरी कोण घेईल? दुरुस्तीचा खर्च जुन्या सायकलीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची ही जी आपली सहजप्रवृत्ती आहे, तिच्यापायी आजवर कितीतरी धडधाकट सायकली भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढल्या आहेत; आणि याच्या नेमकी उलट जी वृत्ती, म्हणजे वडिलांच्या वेळची वस्तू आहे, तेव्हा काहीही होवो, ती चालती ठेवायचीच, तिच्यापायी ज्यांच्या सांगाड्यातच चीर गेली आहे अशा सायकलींवर बसून माणसे भर रहदारीतून जात राहिली आहेत. एक निर्णय खिशाला महाग पडतो, दुसरा जिवाला. परंतु सायकल ही एकसंध वस्तू आहे आणि तिला एकच एक वय आहे, ही दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत मात्र समानच आहे.

वास्तविक सायकल म्हणजे भिन्न भिन्न आयुर्मर्यादा असलेल्या भागांचा समुच्चय होय. ब्रेकचे रबर एखाद्या पावसाळ्यात झिजून जाते, टायर काही वर्षे चालतात, चेन वापरावर आणि तेलपाण्यावर अवलंबून असते, छर्रे आणि त्यांच्या वाट्या नीट वंगण मिळाल्यास दीर्घकाळ टिकतात, आणि पोलादी फ्रेम, तिला अपघात किंवा गंज यांनी गाठले नाही तर, माणसाच्या सबंध नोकरीला पुरून उरते. सबब, सायकल किती जुनी झाली या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. तिचा कोणता भाग संपला आणि तो बदलता येण्याजोगा आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. सायकल निकालात काढण्याचा अखत्यार, माझ्या मते, केवळ एकाच भागाला आहे, आणि तो म्हणजे फ्रेम. बाकीचे सारे भाग फार तर खर्चाची बाब आहेत.

हे विधान आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला, म्हणजे दांडीच्या, सळईच्या ब्रेकच्या आणि सुमारे २० किलो वजनाच्या सायकलीला, जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या यंत्राला लागू पडेल. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे त्या काळात खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर ज्या सायकलींचा लोंढा वाहत असे, त्या याच घडणीच्या होत्या. या घडणीची मूळ रूपरेषा जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १८८५ साली बाजारात आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीपर्यंत जाऊन पोहोचते; हान्स रेनॉल्ड यांची रोलरची चेन तिच्या पाच वर्षे आधीची आणि डनलॉप यांचा हवेचा टायर तीन वर्षे नंतरचा. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ साली, सोनीपत येथे १९५१ साली, लुधियाना येथे १९५६ साली असे एकामागून एक देशी कारखाने उभे राहिले, आणि हर्क्युलिस, ॲटलस, हीरो ही नावे घरोघरी पोहोचली. तथापि नावे निरनिराळी असली तरी साध्या सायकलीची मुख्य मापे त्या सर्वांनी जवळजवळ एकच ठेवली. चाक २८ गुणिले दीड इंची, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, चेनची कडी अर्ध्या इंचाची, मागच्या हबमध्ये आणि पायडलांच्या आसाशी पाव इंची छर्रे. या समानतेचे मोल आपल्याला २०२० साली कळले. त्या वर्षी जून महिन्यात ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला, तरीही ज्यांच्या घरी ॲटलस सायकली होत्या त्यांना त्यांच्या दुरुस्तीची विवंचना पडली नाही. कारण लुधियान्याहून येणारा कोणत्याही छापाचा हब, आस अथवा चिमटा त्या सायकलींना बेलाशक बसतो. ज्या वस्तूचे भाग तिच्या निर्मात्याच्या पश्चातही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, ती वस्तू टाकून देण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे.

आता फ्रेमची परीक्षा. हे काम दिवसाउजेडी, सायकल धुऊन-पुसून, सावकाश करावयाचे आहे, आणि ते कारागिरावर न सोपवता मालकाने स्वतः करावे हे उत्तम. हँडलची नळी ज्या ठिकाणी वरच्या दांडीला आणि तिरप्या नळीला मिळते, त्या सांध्यांच्या मागे दोन-तीन बोटे अंतरावर नळ्यांच्या खालच्या अंगाने नखाचा शेंडा फिरवून पाहावा. समोरून जोराची धडक बसलेली असेल तर तेथे नळीच्या पत्र्याला बारीक सुरकुती पडलेली असते. डोळ्यांना ती दिसली नाही तरी नखाला लागते. त्यानंतर पायडलांचा आस जीत बसतो त्या नळीच्या सभोवतालचे सांधे आणि मागच्या चाकाचा आस ज्या खाचांत बसतो त्या खाचांच्या मुळाशी असलेले सांधे पाहावे. रंगावर केसासारखी सरळ रेघ असेल आणि तिच्यातून तांबूस गंज पाझरलेला असेल, तर ती रंगाचीच रेघ असावी अशी स्वतःची समजूत घालू नये. तेवढा भाग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा. रेघ धातूतही दिसली तर ती चीर आहे, आणि अशी चीर प्रत्येक पायडलागणिक पुढे सरकत असते.

दुसरी परीक्षा सुतळीची. ती मला विशेष प्रिय आहे, कारण तिला एका मोजपट्टीखेरीज कसलेही उपकरण लागत नाही. मागचे चाक काढून सुतळीचे एक टोक त्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेत बांधावे, ती ताणून पुढे हँडलच्या नळीभोवती वळसा घालून परत मागे आणावी आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत बांधावी. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळ्यांचे अंतर मोजावे. फ्रेम सरळ असेल तर ती दोन्ही अंतरे सारखी भरतात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक नवीन सायकलीतही आढळतो आणि तो चालवून घेण्यासारखा असतो, परंतु त्याहून पुष्कळ अधिक फरक पडला तर फ्रेम मुरडली आहे असे समजावे. हात सोडून चालवताना सायकल एका अंगाला ओढते, टायर एकाच बाजूने झिजतात, चाकाचा आउट कितीही वेळा काढला तरी चाक मधोमध फिरत नाही, या ज्या तक्रारींसाठी लोक वर्षानुवर्षे दुकानांना चकरा मारतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचा उगम या मुरडीत असतो.

तिसरी गोष्ट गंजाची, आणि तो आतून खातो म्हणून फसवा असतो. सीट काढून सायकल उलटी धरली असता उभ्या नळीतून तपकिरी पाणी आणि गंजाचे पापुद्रे पडू लागले, तर पावसाचे पाणी तिच्या तळाशी कित्येक दिवस साचून राहिले आहे असे जाणावे. कोकणपट्टीत आणि गोव्यात, जेथे खारी हवा बारमाही असते, तेथे ही तपासणी दरवर्षी पावसाळा सरला की करावी. टोकदार तारेने नळीला आतून टोचून पाहता पत्रा मऊ लागला, किंवा बाहेरून रंगाला फोड येऊन त्याखाली भुगा निघाला, तर त्या फ्रेमवर आणखी एक पैही खर्च करू नये.

फ्रेमला चीर गेली म्हणजे ती झाळून घेता येत नाही काय, असा प्रश्न साहजिकच येतो. पोलादी नळ्यांचे सांधे मुळातच पितळेने झाळलेले असतात, त्यामुळे मागच्या खाचेजवळचा सुटलेला सांधा जाणत्या माणसाकडून झाळून घेण्यास हरकत नाही. हँडलच्या नळीजवळ चीर असेल तर मात्र मी स्पष्ट शब्दांत नको म्हणेन. त्या जागी सांधा तुटला म्हणजे मनुष्य तोंडावर आपटतो, आणि सावरायला त्याला क्षणाचीही सवड मिळत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे प्रकरण याहून वेगळे आहे. पोलादाला एका ठरावीक मर्यादेच्या आतला ताण अक्षरशः लक्षावधी वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नसल्याने लहानसहान धक्केही त्याच्या खाती जमा होत जातात. शिवाय सायकलीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंपैकी पुष्कळांना त्यांचे बळ उष्णतेच्या नियंत्रित संस्कारातून मिळालेले असते आणि वेल्डिंगच्या आचेने ते त्या जागी नाहीसे होते, तेव्हा गल्लीतल्या वेल्डिंगने चीर बुजली तरी बळ परत येत नाही. चिरलेली ॲल्युमिनियमची फ्रेम रद्दबातल समजणे हेच शहाणपणाचे.

चिमटा मात्र फ्रेममध्ये गणू नये. धडकेने तो मागे दबला असेल तर सरळ करवून घेण्याच्या भानगडीत न पडता नवा घालावा. एकदा वाकून सरळ केलेल्या धातूवर पुढच्या चाकाचा भार टाकण्याइतकी काटकसर कोणीही करू नये.

फ्रेम निर्दोष ठरली म्हणजे उरलेला विचार पुष्कळ सोपा होतो. त्यात चेनची बाब तेवढी खोलात जाऊन समजून घेण्याजोगी आहे, कारण अकारण खर्च होतो तो येथेच. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळकांड्या झिजतात, प्रत्येक सांध्यात अतिसूक्ष्म मोकळीक येते, आणि शंभरावर सांध्यांतली ती मोकळीक एकत्र होऊन चेन लांब भासते. लोखंडी मोजपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवून पुढच्या २४ कड्या मोजाव्या. नव्या चेनमध्ये पंचविसाव्या पिनेचा मध्य १२ इंचांच्या खुणेवर बरोबर येतो. तो खुणेपुढे दीड मिलिमीटरच्या आसपास गेला असेल तर केवळ चेन बदलावी आणि तेवढ्यावर भागते. तीन मिलिमीटर किंवा त्याहून पुढे गेला असेल तर त्या लांबलेल्या चेनने फ्रायव्हीलचे दातेही आपल्या मापाने खाऊन टाकलेले असतात. अशा दात्यांवर नवी चेन चढवली तर जोर देताच ती उड्या मारते, आणि मग चेन, फ्रायव्हील व बहुधा पुढचे चेनव्हीलही, असा सारा संच बदलावा लागतो. मागचे चाक खाचेत मागे ओढून चेन ताठ करीत राहणे आणि खाच संपली की कड्या काढून ती आखूड करणे, ही जी सर्वत्र रूढ असलेली तोड आहे, ती झीज झाकून ठेवते. वेळेवर बदललेली एक चेन तिच्याहून अनेक पटींनी महाग संचाला वाचवते, म्हणून दर सहा महिन्यांनी पट्टी लावून पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याची सायकल सहसा मोठ्या दुरुस्तीला येत नाही.

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक्’ असा झोला बसू लागला म्हणजे कित्येक जण आता सायकल गेली असे समजतात. जुन्या पद्धतीच्या सायकलीत त्याचे कारण बहुतेक वेळा क्रँकची कॉटर पिन सैल होणे एवढेच असते, आणि ती पिन म्हणजे दुकानातल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. दुर्लक्ष केले तर क्रँकचे भोक खराब होते आणि मग क्रँकही बदलावी लागते, इतकाच काय तो धोका. तीच गोष्ट आसाच्या छर्ऱ्यांची. पाणी शिरून वंगणाचा काळा चिखल झाला, छर्रे खडबडीत झाले, वाट्यांना खड्डे पडले, तरी आस, वाट्या आणि छर्रे असा सारा जामानिमा नवा मिळतो. फक्त छर्रे बदलताना एका बाजूचे सर्व एकदम बदलावे, नव्याजुन्यांची सरमिसळ करू नये.

चाकांविषयी थोडेच सांगणे पुरेसे आहे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला आसाकडच्या अंगाने दाबते, त्यामुळे रिमच्या भिंती झिजत नाहीत. उलट तारेच्या ब्रेकचे रबर दोन्ही भिंतींना घासते आणि ॲल्युमिनियमची रिम असेल तर भिंत हळूहळू पातळ होऊन आत दबते. सरळ पट्टी आडवी धरली असता भिंत मध्ये खोल दिसली तर ती रिम बदलावी, कारण अशी भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फाटते. क्रोमच्या लोखंडी रिमा झिजत नाहीत, पण भर पावसात त्यांच्यावर ब्रेक फारच कमी लागतो, हे ध्यानात ठेवावे. आणि टायर घेताना केवळ २८ हा आकडा पाहून घेऊ नये. साध्या काळ्या सायकलीच्या टायरचा आतला व्यास ६३५ मिलिमीटर आणि हल्लीच्या शहरी सायकलींचा ६२२ मिलिमीटर असून दोन्हींना २८ इंची म्हणण्याची वहिवाट आहे. टायरच्या कडेवर ४०-६३५ असे जे जोडआकडे छापलेले असतात तेच प्रमाण मानावे.

आता हिशेबाकडे वळू. कारागिराने सांगितलेली एकूण रक्कम ही हिशेबाच्या दृष्टीने एक रक्कम नव्हेच. सरकारी अंदाजपत्रकात महसुली खर्च आणि भांडवली खर्च जसे वेगळे दाखवतात, तसे तिचे दोन भाग पाडले पाहिजेत. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, वंगण हा चालू खर्च आहे. नवीन सायकल घेतली तरी तो चुकत नाही, फक्त काही काळ पुढे ढकलला जातो. रिम, आस आणि वाट्या, चिमटा, क्रँक हा खरा भांडवली खर्च, आणि नव्या सायकलीच्या किमतीशी तुलना करावयाची ती एवढ्याच रकमेची. समजा, एकूण अंदाज ३,००० रुपयांचा आहे आणि त्यात टायर-ट्यूब, चेन व किरकोळ वस्तू मिळून १,६०० रुपये आहेत. म्हणजे निर्णयासाठी विचारात घ्यावयाची रक्कम १,४०० रुपये होय. तिच्यासमोर किंमत ठेवावयाची ती याच प्रतीच्या नव्या सायकलीची; दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेल्या सर्वांत स्वस्त सायकलीची नव्हे. भांडवली रक्कम त्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्ती निःशंकपणे करावी, निम्म्याहून पुढे गेली तर नवीन घ्यावी, आणि या दोहोंच्या मध्ये असेल तर कारागीर कसा आहे आणि आपल्याला ती सायकल आणखी किती वर्षे लागणार आहे, यांवर निकाल द्यावा. दुरुस्ती करावयाची ठरली तर ती तुकड्यातुकड्याने करू नये. ‘काका, एकदाच ओव्हरऑइलिंग करून टाका, सगळं खोललंच आहे तर,’ असे जेव्हा कारागीर सांगतो तेव्हा तो बहुधा आपल्या हिताचेच सांगत असतो, कारण आस एकदा खोलण्याची मजुरी पडते तेवढ्यात वाट्या, छर्रे आणि वंगण या साऱ्यांचे काम उरकते.

समान प्रतीची नवी सायकल, यावर मी मुद्दाम भर देतो. कमी किमतीच्या बऱ्याच नव्या सायकलींना देखाव्यापुरता स्प्रिंगचा चिमटा आणि मातीसारख्या मऊ लोखंडाचे गिअर बसवलेले असतात. तो चिमटा एक-दोन पावसाळ्यांत गंजून आवळतो. त्याला खोलून दुरुस्त करण्याची सोय नसते, आणि वजन मात्र रोज ओढावे लागते. दहा वर्षांची, शाबूत फ्रेमची साधी सायकल देऊन अशी सायकल घरी आणणे म्हणजे पैसे मोजून उणे पदरात घेणे होय. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा विचार करताना बॅटरी आणि नियंत्रक हे भाग त्याच कारखान्याखेरीज अन्यत्र मिळतात की नाही याची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी, कारण पुढे दुरुस्तीचा प्रश्न उभा राहील तेव्हा त्याचे उत्तर फ्रेमपेक्षा त्या दोन भागांवरच अवलंबून राहणार आहे.

निर्दोष सायकलही सोडावी लागते असे प्रसंग असतात आणि त्यांबद्दल कोणी मनाला लावून घेऊ नये. कचेरी बदलून वाटेत चढ आले, अंतर दुप्पट झाले, किंवा वयोमानाने दांडीवरून पाय टाकणे जड जाऊ लागले, तर सायकल चांगली असूनही ती त्या माणसाची राहत नाही. २४ इंची फ्रेमवर कसेबसे टेकणाऱ्या पायांनी रोज सिग्नलला तोल सांभाळणाऱ्याला २२ इंची किंवा बिनदांडीची सायकल घेतल्याने जे सुख मिळते, ते जुन्या सायकलीवर कितीही खर्च करून मिळणार नाही. अशी सायकल विकावी किंवा द्यावी. ती पुढे पुष्कळ वर्षे कोणाच्या तरी कामी येईल.

बाद ठरलेल्या फ्रेमची गोष्ट मात्र निराळी. तिच्यावरचे हब, डायनॅमो, घंटी, कॅरिअर, स्टँड, चांगली चामडी सीट हे सारे काढून घ्यावे, आणि उरलेला सांगाडा भंगारात घालण्यापूर्वी तिरपी नळी हॅकसॉने आरपार कापावी. न कापलेली चिरलेली फ्रेम रंग मारून पुन्हा रस्त्यावर येते, आणि स्वस्त मिळाली म्हणून ती विकत घेणारा मनुष्य बहुधा तोच असतो ज्याला दवाखान्याचा खर्च परवडणारा नसतो. चीर माहीत असताना अशी सायकल घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाला शाळेसाठी देऊन टाकणे याला दान म्हणता येणार नाही. त्या मुलाला द्यावयाचीच असेल तर शाबूत फ्रेमची सायकल द्यावी, नवे टायर आणि ब्रेकचे नवे रबर घालून, चेन मोजून आणि सीट त्याच्या पायांच्या मापाने खाली बसवून.